आधीचे काम संपलेले नसताना पुढच्याची वेळ झाली तर? नेमून दिलेल्या कामांची साठ वर्षे

१/
दर दोन सेकंदांनी यानाचा वेग मोजणे. दर रात्री दोन वाजता दिवसभराच्या नोंदींची प्रत काढणे. दर मिनिटाला नव्या पत्रांसाठी टपालपेटी तपासणे. कोणी बटण दाबत नाही, कोणी पाहत बसत नाही; तरी संगणक ही कामे ठरल्या वेळी पडद्याआड करत राहतो.

वरवर पाहता यात अवघड असे काही नाही. घटका भरली की टोल द्यायचा, एवढेच. परंतु संगणकाच्या इतिहासात टोल देणे हे कधीच मोठे संकट नव्हते. संकट होते ते पुढच्या प्रश्नात: पहिल्या टोलाचे काम संपलेले नसताना दुसरा टोल पडला तर काय करायचे?

चंद्रावर, मंगळावर आणि जगभरच्या सर्व्हरांवर या प्रश्नाने आपली किंमत वसूल केली आहे. त्याची ही कथा. #थ्रेड #संगणकाचा_इतिहास

२/
१९५० च्या दशकात हा प्रश्न जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. संगणकाकडे काम नेणे म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या हाती देणे. गठ्ठे रांगेत लागत. एक काम संपले की दुसरे सुरू होई. यंत्र एका वेळी एकाचेच असल्यामुळे दोन कामे एकमेकांवर आदळण्याची शक्यता नव्हती.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना द्यायचा, ही तिची कल्पना. प्रत्येकाला वाटे की यंत्र आपलेच आहे.

३/
अनेक माणसे एका यंत्रावर आली आणि काही कामे कोणाचीच उरली नाहीत. सर्वांच्या फायलींची राखीव प्रत टेपवर कोणी काढायची? ते काम वापरकर्त्याचे नव्हते, ऑपरेटरनेही सतत करत बसावे असे नव्हते.

१९६३ च्या सुमारास एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये अशा कामांसाठी स्वतःहून चालणाऱ्या आज्ञावली तयार झाल्या. त्यांना नाव मिळाले ‘डीमन’. पदार्थवैज्ञानिक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका विचारप्रयोगात एक अदृश्य रखवालदार कल्पिला होता; तो दारात बसून वायूचे वेगवान आणि संथ रेणू अखंड वेगळे करत राहतो. नाव तिथून आले. हा डीमन म्हणजे त्रास देणारे भूत नव्हे. तो न थकता, न दिसता राबणारा सेवक होता. पहिल्या डीमनांपैकी एकाचे काम टेपवर प्रती काढण्याचेच होते.

४/
त्याच एमआयटीच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत याच काळात एक फार लहान आणि फार महत्त्वाचा संगणक घडत होता: अपोलो यानांचा मार्गदर्शक संगणक. त्याची बदलता येण्याजोगी स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. आज कोणत्याही साध्या फोनमधील एक छायाचित्रसुद्धा त्यात मावणार नाही.

एवढ्या जागेत त्याला अनेक कामे एकाच वेळी सांभाळायची होती. हॅल लॅनिंग यांनी त्यासाठी दोन व्यवस्था रचल्या. ‘वेटलिस्ट’ ही घड्याळाची व्यवस्था: अमुक इतक्या वेळाने तमुक छोटे काम सुरू कर. ‘एक्झिक्युटिव्ह’ ही अग्रक्रमाची व्यवस्था: हाताशी असलेल्या मोठ्या कामांपैकी सर्वांत महत्त्वाचे आधी चालव.

५/
चांद्रयान उतरत असताना सर्वांत महत्त्वाचे काम होते ‘सर्व्हिसर’. दर दोन सेकंदांनी वेटलिस्टच्या घड्याळातून टोल पडे. त्वरणमापकांची मोजणी वाचली जाई आणि सर्व्हिसर सुरू होई. यान कोठे आहे, किती वेगाने जात आहे, इंजिनाचा जोर किती ठेवायचा, यान कोणत्या दिशेला वळवायचे, हे सारे तो ठरवी. दोन सेकंदांच्या आत हे उरकणे अपेक्षित होते, आणि ते उरकतही असे.

प्रत्येक चालू कामाला स्मृतीत थोडी जागा लागे. अशा जागा मोजक्याच होत्या. काम संपले की जागा मोकळी होई आणि पुढच्याला मिळे.

६/
२० जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्राकडे उतरत होते. त्या वेळी गरज नसलेल्या भेट-रडारच्या विद्युत जोडणीतील विसंगतीमुळे संगणकाकडे निरर्थक संकेतांचा भडिमार सुरू झाला. प्रत्येक संकेत मोजण्यात संगणकाचा कणभर वेळ जाई. असे करता करता त्याचा सुमारे १३ ते १५ टक्के वेळ हिरावला गेला.

आता सर्व्हिसरला दोन सेकंद पुरेनात. तो अर्धवट असतानाच पुढचा टोल पडला. घड्याळ आपले काम चोख करत होते, म्हणून दुसरा सर्व्हिसर सुरू झाला. मग तिसरा. अर्धवट कामे जागा अडवून बसली. अखेर नव्या कामाला जागाच उरली नाही आणि पडद्यावर आकडा झळकला: १२०२.

७/
ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स २६ वर्षांचे होते. त्यांना मागच्या खोलीतून साहाय्य करणारे जॅक गार्मन २४ वर्षांचे. उड्डाणाआधीच्या एका सरावात अशाच इशाऱ्यामुळे उतरणे विनाकारण रद्द करण्यात आले होते. त्यानंतर गार्मन यांनी सर्व इशाऱ्यांची हस्तलिखित यादी करून ठेवली होती. त्या यादीच्या आधारे त्यांनी सांगितले की इशारा सारखा सारखा येत नसेल तर पुढे जाण्यास हरकत नाही. बेल्स यांनी तोच निर्णय दिला.

८/
हा निर्णय धाडसाचा असला तरी आंधळा नव्हता. जागा संपली तर काय करायचे, याचे उत्तर संगणकात आधीच लिहून ठेवलेले होते. अशा वेळी तो सगळी रांग पुसून टाकी आणि क्षणार्धात नव्याने सुरू होई. मात्र सुरू होताना महत्त्वाची कामे त्यांच्या शेवटच्या सुरक्षित टप्प्यापासून उचली आणि बिनमहत्त्वाची सोडून देई. अर्धवट राहिलेले जुने सर्व्हिसर पुसले गेले. ताजा एकच उरला.

उतरताना १२०२ हा इशारा चार वेळा आणि १२०१ हा एकदा आला. पाचही वेळा संगणक सावरला. कारण त्याच्या रचनाकारांनी कामांना ‘वेळ’ जशी नेमून दिली होती, तशीच ‘वेळ चुकली तर काय’ याचीही तजवीज केली होती.

९/
चार वर्षांनी या अनुभवसिद्ध शहाणपणाला गणिताची जोड मिळाली. जानेवारी १९७३ मध्ये सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा: काही कामे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करायची आहेत, प्रोसेसर एकच आहे, तर कोणतेही काम आपली वेळ चुकवणार नाही याची हमी केव्हा देता येईल?

त्यांचे उत्तर सुबक होते. अग्रक्रम एकदाच ठरवून टाकायचा असेल, तर ज्या कामाची पाळी जितकी वारंवार येते तितका त्याचा मान मोठा ठेवावा. आणि कामांचा एकूण भार प्रोसेसरच्या सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर कामे कितीही असोत, हमी कायम राहते. त्यापुढे कामे वेळेत बसू शकतील, पण नेमकी आकडेमोड करून पाहिल्याशिवाय विसंबता येणार नाही. यंत्राला थोडी उसंत ठेवणे म्हणजे वाया घालवणे नव्हे, हे या आकड्याने शिकवले.

१०/
अंतराळयानांच्या बाहेरचे जग मात्र इतके काटेकोर नव्हते. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ मध्ये बाहेर पडली. तिच्यात ‘क्रॉन’ नावाचा एक डीमन होता. काळ या अर्थाच्या ‘क्रोनोस’ या ग्रीक शब्दावरून हे नाव आले.

त्याची रीत विलक्षण साधी होती. एक तक्ता वाचायचा. त्यात प्रत्येक ओळीला वेळेचे पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आत्ताच्या मिनिटाशी जुळणाऱ्या ओळी असतील तर ती कामे सुरू करायची. मग एक मिनिट झोपायचे. उठून पुन्हा तेच. ही पाच रकान्यांची लिपी आजही जगभर चालते.

११/
क्रॉनचा साधेपणा हीच त्याची मर्यादा. १९७९ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात एका यंत्रावरील सुमारे १०० वापरकर्त्यांना ही सोय द्यावी असा विचार झाला, तेव्हा दर मिनिटाला सर्वांचे तक्ते चाळण्यातच यंत्र दमू लागले.

रॉबर्ट ब्राउन या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की घटनांचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलींपुढेही हाच प्रश्न असतो. त्यासाठी फ्रांटा आणि मॅली यांनी १९७७ मध्ये सुचवलेली रचना त्याने क्रॉनला लावली. पुढची सर्व कामे वेळेच्या क्रमाने रांगेत ठेवायची. सर्वांत आधीच्या कामाची वेळ होईपर्यंत निवांत झोपायचे. दर मिनिटाला उठून ‘वेळ झाली का?’ असे विचारत बसण्याची गरजच संपली.

१२/
पण क्रॉनने तो मूळ प्रश्न सोडवला नाही. त्याने टोल दिला की त्याची जबाबदारी संपली. आधीचे काम चालू आहे की नाही, हे तो विचारत नसे. पुढे पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन सर्वदूर पसरला. तोही या बाबतीत तसाच.

याचा परिणाम कसा होतो? दर तासाला एक राखीव प्रत काढायची आहे. आरंभी तिला १० मिनिटे लागतात. फायली वाढत जातात आणि एके दिवशी तिला ७० मिनिटे लागतात. आता शेवटच्या १० मिनिटांत दोन प्रती एकाच वेळी चालतात आणि एकमेकींना संथ करतात. त्यामुळे पुढच्या वेळी ८० मिनिटे, मग १००. काही तासांत यंत्रावर एकाच कामाच्या अनेक प्रती एकमेकींच्या पायात पाय अडकवून उभ्या असतात. १९६९ च्या सर्व्हिसरचीच ही गत. फरक एवढाच की येथे रांग पुसणारे कोणी नसते.

१३/
व्यवस्थापकांनी यावर कुलपाचा तोडगा काढला. काम सुरू होताना एक ‘लॉक’ फाइल तयार करायची, संपताना ती काढून टाकायची. पुढच्या टोलाला फाइल दिसली तर मुकाट्याने परत जायचे.

तोडगा चालला, पण त्याच्या पोटात नवे दुखणे होते. काम मध्येच कोसळले तर कुलूप तसेच राहते. मग प्रत्येक टोलाला काम येते, कुलूप पाहते आणि परत जाते. चूक कोठेही दिसत नाही. महिनोन्महिने प्रत निघालेलीच नाही, हे ध्यानात येते ते मूळ फायली गमावल्यावर. म्हणून पुढे कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडेच सोपवण्याची पद्धत रूढ झाली. आज्ञावली मरताच ते आपोआप उघडते.

१४/
इकडे संगणकांचे जाळे पसरू लागले आणि टोलांची संख्याच आवाक्याबाहेर गेली. पाठवलेल्या प्रत्येक संदेशासाठी ‘इतक्या वेळात पोच आली नाही तर पुन्हा पाठव’ असे एक घड्याळ लावावे लागते. अशी हजारो घड्याळे क्रमाने रांगेत ठेवणेही जड होऊ लागले.

१९८७ मध्ये जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी ‘टायमिंग व्हील’ ही रचना मांडली. वर्गीस हे पवईच्या आयआयटी मुंबईचे पदवीधर. कल्पना घड्याळाच्या तबकडीसारखी. वर्तुळात खाने असतात. काटा एकेक खाना पुढे सरकतो आणि त्या खान्यात ठेवलेली कामे उचलतो. दूरच्या वेळेसाठी तासकाट्यासारखे दुसरे, संथ चक्र. नवे काम नोंदवताना रांग चाळावी लागत नाही. थेट त्याच्या खान्यात टाकले की झाले. लिनक्सच्या गाभ्यातही या कल्पनेची रूपे वापरली गेली.

१५/
४ जुलै १९९७ रोजी ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर उतरले. छायाचित्रे येऊ लागली, ‘सोजर्नर’ ही छोटी गाडी फिरू लागली. काही दिवसांनी मात्र यानाचा संगणक मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. असे झाले की त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात.

यानात दर ०.१२५ सेकंदाला एक चक्र चाले. एक काम माहितीच्या मार्गावरील देवघेव आखी. दुसरे काम आलेली माहिती वाटून देई. चक्राच्या आरंभी पहिले काम तपासून पाही: दुसऱ्याने मागच्या फेरीचे काम संपवले आहे का? नसेल तर काहीतरी गंभीर बिघडले आहे असे मानून ते सारी प्रणाली नव्याने सुरू करी. म्हणजे अपोलोला पडलेला प्रश्न येथे रचनाकारांनी स्वतःहून विचारला होता, आणि उत्तरही ठरवले होते.

१६/
पण माहिती वाटणाऱ्या कामाला उशीर का होत होता? हवामानाची माहिती गोळा करणारे एक कमी महत्त्वाचे काम अधूनमधून एक सामाईक कुलूप हाती घेई. नेमके तेव्हाच मध्यम महत्त्वाचे काम येऊन त्याला बाजूला सारी. हवामानाचे काम थांबले, कुलूप त्याच्याच हाती राहिले, आणि त्या कुलपाची वाट पाहत सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी एक ताटकळत बसले. धाकट्याच्या हातातील किल्लीमुळे थोरला दारात अडकला.

या दोषाला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणजे अग्रक्रमाची उलटापालट म्हणतात. त्यावरचा उपाय लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉत्स्की यांनी १९९० मध्येच प्रसिद्ध केला होता: ज्याच्या हाती कुलूप आहे त्याला, वाट पाहणाऱ्याचा मान तात्पुरता उसना द्यावा.

१७/
जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्लेन रीव्ह्ज यांच्या चमूने यानाच्या प्रतिकृतीवर तोच प्रसंग पुन्हा घडवून कारण शोधले. यानाच्या व्हीएक्सवर्क्स या प्रणालीत उपाय आधीपासून होता. त्या एका कुलपासाठी तो बंद ठेवलेला होता, एवढेच. पृथ्वीवरून मंगळावर बदल पाठवून तो चालू करण्यात आला आणि पुनरारंभ थांबले.

उपाय आधीपासून उपलब्ध असणे आणि तो योग्य जागी चालू असणे, यांतील अंतर किती लांबचे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१८/
दरम्यान पृथ्वीवर आणखी एक बदल घडत होता. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी प्रश्न मांडला: एकाच सर्व्हरने १०,००० ग्राहक एकाच वेळी का सांभाळू नयेत? तेव्हाची एक रूढ रीत होती प्रत्येक ग्राहकामागे एक स्वतंत्र ‘थ्रेड’ नेमण्याची. बहुतेक थ्रेड नुसते उत्तराची वाट पाहत बसत आणि तरी स्मृती अडवत.

दुसरी रीत एकट्या कुशल आचाऱ्याची. दूध तापत ठेवायचे, तोवर भाजी चिरायची. कुकरची शिट्टी झाली की तिकडे वळायचे. चार चुलींसाठी चार आचारी लागत नाहीत. उभे राहून वाट पाहायची नाही, एवढे पथ्य पाळले की पुरे. हीच ‘इव्हेंट लूप’ची आणि असिंक्रोनस कामांची कल्पना. लिनक्समध्ये २००२ च्या सुमारास आलेल्या ‘ईपोल’ने तिला बळ दिले आणि २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड-जेएसने ती तरुण प्रोग्रामरांच्या घरोघरी पोहोचवली.

१९/
मात्र अशी आज्ञावली लिहिणे जिकिरीचे होते. एका कामाचे तुकडे ‘हे झाले की ते कर’ अशा साखळ्यांत विखुरले जात. जुन्या कपाटात यावरचा उपाय पडून होता. मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये ‘कोरूटीन’ हा शब्द घडवला आणि १९६३ मध्ये तो शोधनिबंधात मांडला: मध्येच थांबून दुसऱ्याला वाट देणारी आणि पुन्हा नेमक्या त्याच जागेवरून पुढे चालणारी कार्यपद्धती.

एफ-शार्प या भाषेने २००७ मध्ये असिंक्रोनस लेखनाची सोय आणली, सी-शार्पने २०१२ मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे दोन शब्द रूढ केले. पायथनमध्ये ‘असिंकआयओ’ २०१४ साली आणि हे शब्द २०१५ साली आले. जावास्क्रिप्टमध्ये २०१७ साली. रस्टमध्ये २०१९ साली. अर्धशतकापूर्वीची कल्पना नव्या पोशाखात घराघरांत आली.

२०/
आणि तिच्याबरोबर जुना प्रश्नही आला. जावास्क्रिप्टमधील ‘सेट-इंटरव्हल’ ठरावीक अंतराने काम सुरू करते. ते काम असिंक्रोनस असेल, तर ते दूरच्या सर्व्हरकडे विचारणा पाठवते आणि लगेच वाट मोकळी करते. उत्तर यायला उशीर झाला तर? घड्याळाला त्याचे सोयरसुतक नाही. पुढच्या टोलाला दुसरी विचारणा निघते, मग तिसरी. उत्तरे कोणत्याही क्रमाने येतात. कधी जुने उत्तर नव्यावर पुसून बसते.

याउलट ‘काम कर, मग ६० सेकंद झोप’ असे चक्र लिहिले तर कामे एकमेकांवर आदळत नाहीत, पण वेळ घसरत जाते. कामाला पाच सेकंद लागत असतील तर प्रत्येक फेरी ६५ सेकंदांची होते. मिनिटाला एक असे ठरवूनही दिवसाच्या १,४४० फेऱ्यांऐवजी सुमारे १,३२९ होतात.

२१/
घड्याळ स्वतःच चुकले तर काय होते, हेही जगाने पाहिले. ३० जून २०१२ च्या अखेरीस जागतिक वेळेत एक लीप सेकंद मिळवण्यात आला. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट, साडेपाचचा सुमार. लिनक्सच्या गाभ्यातील एका दोषामुळे सूक्ष्म टायमरांचा हिशेब एका सेकंदाने पुढे राहिला. परिणामी एका सेकंदाहून कमी काळ झोपू पाहणारी कामे झोपताच जागी होऊ लागली आणि प्रोसेसर व्यर्थ धापा टाकू लागले. रेडिट काही काळ बंद पडले. क्वांटास विमानसेवेच्या प्रवाशांची नोंदणी खोळंबली. अनेक ठिकाणी उपाय निघाला तो घड्याळ पुन्हा एकदा लावण्याचा.

म्हणूनच ‘किती वेळाने’ मोजण्यासाठी भिंतीवरचे घड्याळ वापरू नये, कधीही मागे न जाणारे वेगळे घड्याळ वापरावे, हा दंडक पक्का झाला. पायथनचे असिंकआयओ तेच करते.

२२/
आणखी एक दुखणे अधिक गुप्त होते. पार्श्वभूमीवर काम सोडून देणे एका ओळीचे झाले, पण ते कोणाच्या देखरेखीखाली आहे? ते कोसळले तर कोणाला कळणार? पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच ताकीद आहे: सुरू केलेल्या टास्कचा संदर्भ कोठेतरी धरून ठेवा, नाहीतर इव्हेंट लूपची पकड सैल असल्यामुळे ती टास्क पूर्ण होण्याआधीच स्मृतीतून झाडली जाऊ शकते. नेमलेला सेवक निमूटपणे नाहीसा होतो.

मार्टिन सुस्ट्रिक यांनी २०१६ मध्ये ‘स्ट्रक्चर्ड कंकरन्सी’ हा शब्दप्रयोग केला. २०१८ मध्ये नाथानिएल स्मिथ यांनी त्याची तात्त्विक बाजू मांडली: मोकाट सोडलेली टास्क ही, एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये धोक्याची ठरवलेल्या ‘गो टू’ आज्ञेचीच बहीण आहे. प्रत्येक टास्कला एक पालक असावा. मुले संपल्याखेरीज पालकाने घर बंद करू नये. पायथनने २०२२ च्या ३.११ आवृत्तीत ‘टास्क-ग्रुप’ आणून हा विचार स्वीकारला.

२३/
मूळ प्रश्नाचे पुढे काय झाले? गंमत अशी की त्याचे एकच उत्तर सापडले नाही, आणि तसे ते नाहीच, हे मान्य करण्यातच प्रगती होती.

अनेक यंत्रांवर कामे चालवणाऱ्या कुबरनेटीजमध्ये नेमलेल्या कामाला एक धोरण लिहून देता येते. त्याचे पर्याय तीन. ‘अलाउ’: दोन्ही चालू द्या. ‘फॉरबिड’: आधीचे संपेपर्यंत नवे सुरू करू नका. ‘रिप्लेस’: जुने मोडा, नवे घ्या. रस्टच्या टोकिओ या संचात हुकलेल्या टोलांसाठीही तीन पर्याय आहेत: राहिलेले सगळे टोल एकापाठोपाठ द्या, येथून पुढे नव्याने अंतर मोजा, किंवा हुकलेले सोडून पुढच्या ठरलेल्या टोलाला भेटा.

२४/
यातला कोणता पर्याय योग्य, हे संगणक सांगू शकत नाही. कारण तो प्रश्न कामाच्या स्वभावाचा आहे. यानाचा वेग मोजायचा असेल तर जुनी मोजणी निरुपयोगी. ताजी तेवढी हवी. बँकेत व्याजाची आकारणी करायची असेल तर एकही पाळी हुकता कामा नये आणि कोणतीही दोनदा होता कामा नये. राखीव प्रतीच्या बाबतीत एखादी पाळी उशिरा झाली तरी चालेल, पण ती मुळीच होत नसेल तर कोणाला तरी कळलेच पाहिजे.

टोल देण्याचे काम १९७९ च्या क्रॉनने पाच रकान्यांत सोपे करून टाकले. टोल हुकला, आदळला किंवा कोणी ऐकलाच नाही, तर काय करायचे, हे मात्र प्रत्येक पिढीतील प्रोग्रामरला स्वतः ठरवावे लागले आहे. ज्यांनी ते आधी ठरवले, त्यांना इशारे आले तरी सावरता आले. ज्यांनी घड्याळावर सोपवले, त्यांच्यासाठी ते घड्याळाने ठरवले.